ब्लँकेट स्वस्त पडतं, ताई

सांगली, श्रावण

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. "डोळे कशाला फोडून घेतेस? मी पैसे पाठवते, शंभर ब्लँकेटं घे आणि वाटून टाक." माझ्या मोतीबिंदूच्या काळजीनं लिहिलंयस, ते कळलं. शिवाय हिशेबात तू बरोबरच आहेस. बाजारात साधं ब्लँकेट दोन-तीनशेला मिळतं. आमची एक वाकळ दोघी-तिघींच्या कितीतरी दुपारी खाऊन मग हातातून सुटते. मजुरी धरून किंमत काढली तर कुणी शहाणा माणूस या वाटेला जाणार नाही. दाजींना हे सांगूच नकोस, ते कागदावर मांडून दाखवतील.

तरी आम्ही शिवतो. का, ते सांगायचं तर आधी एक गोष्ट कबूल करायला हवी, जी आमच्यातली एकही बाई चारचौघांत बोलणार नाही. आम्ही थंडीनं कुडकुडणाऱ्या पोरांसाठी जमत नाही. जमायला आवडतं म्हणून जमतो. पोरांची थंडी खरी आहे, पण ती आमची परवानगी आहे. "जरा मैत्रिणींत बसून येते" म्हटलं की घरात चार प्रश्न उभे राहतात. "ऊसतोडीच्या पोरांच्या वाकळा शिवायला चालले" म्हटलं की एरवी पाण्याचा तांब्यासुद्धा न उचलणारा माणूस आपला चहा आपण करून घेतो. साठी ओलांडली तरी आपल्याला नुसत्या मजेसाठी दोन तास मागता येत नाहीत बघ. पुण्याचं काम असलं की मिळतात.

आणि मजा म्हणजे केवढी! मंगळवारी जेवणं उरकली की आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये सतरंज्या पडतात. स्कूटर कडेला सरकवायच्या, वरच्या घरातून वायर सोडून पंखा लावायचा. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई येतात, त्या सुईत दोरा ओवायचं काम कुणाला करू देत नाहीत. एक नवी सून येते, तिला फक्त कडेला साखळी टाका घालायचा असतो आणि सासूबद्दल बोलायचं असतं. आता तिची सासूही येऊ लागली आहे, त्यामुळे सध्या नुसताच साखळी टाका चाललाय. एक शिंपीकाका आहेत, दुकान मुलाच्या हाती दिलेले. बायकांत कसं बसायचं म्हणून ते खुर्चीवर बसतात आणि कापून देतात. भडंग आणायला बंदी नाही, पण तेलकट बोट वाकळेला लागलं तर त्या बाईनं उरलेली दुपार नुसतं बघत बसायचं, असा नियम आहे. सांगलीत राहून भडंगाशिवाय दुपार काढायची म्हणजे शिक्षाच, म्हणून हात धुवायला एक बादली कायमची भरलेली असते.

आमच्यात एक क्रोशावाली आहे. ती सुईला हात लावत नाही. तिची टोपडी आणि मोजे इथल्या एका सरकारी दवाखान्यात जातात. अडीच किलोच्या आत जन्मलेलं बाळ कमी वजनाचं धरतात. अशा बाळाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही, म्हणून त्याला उघड्या अंगानं आईच्या छातीशी बांधून ठेवतात आणि डोक्याला टोपडं, पायांत मोजे घालतात. आम्हाला बाळंतविड्याची हौस. दुपटी, कुंच्या, झबली, सगळं द्यायचं ठरवून विचारायला गेलो, तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "दुपटी नकोत, बाळाच्या तोंडावर येतात. टोपडी द्या, सुती दोऱ्याची, गरम पाण्यात धुता येतील अशी, आणि घुंगरं-मणी काही लावू नका." क्रोशावाली जरा खट्टू झाली, कारण तिची सगळी कला त्या मण्यांत होती. पण मग तिनं बिनमण्याच्या टोपडीत वेगवेगळ्या विणी काढायला सुरुवात केली, आणि आता ती त्या टोपड्यांबद्दल इतकं बोलते की मणी परवडले.

वाकळेचं काम मात्र मावशींच्या हाताखाली चालतं. मिरजेकडच्या खेड्यांतून त्या आयुष्यभर मजुरीवर वाकळा शिवत आल्या. पूर्वी शेतकऱ्यांच्या घरी दिवाळीच्या आधी वर्षाच्या वाकळा घालायला बाई बोलवत, तशा त्या बोलवल्या जायच्या. आता घरोघरी पलंग आणि गुबगुबीत रजया आल्या, मावशींना कुणी बोलवत नाही. आम्ही त्यांना दिवसाची मजुरी देतो. यावरून आमच्यात मोठं भांडण झालं होतं. "दानाचं काम, त्यात पैसे कसले?" असं दोघी-तिघींचं म्हणणं. माझं म्हणणं, आपला रिकामा वेळ आपण खुशाल दान करावा. मावशींची दुपार रिकामी नाही, ती त्यांच्या चुलीची आहे. भांडण मिटलं नाही, फक्त मी हिशेबाची वही माझ्याकडे घेतली.

पहिल्या दिवशी बँकेतल्या बाईंचे टाके बघून मावशी म्हणाल्या, "आवं बाई, ह्यो टाका न्हवं, ही उडी हाय." टाका ज्वारीच्या दाण्याएवढा हवा आणि वरून जेवढा दिसतो तेवढाच खालूनही दिसला पाहिजे. त्या थर लावतात ते बघण्यासारखं असतं. सहावारी सुती साडी साडेपाच मीटरची. तिच्या तीन घड्या केल्या की माणसाच्या उंचीचे तीन थर मिळतात. काठ आधी उसवून बाजूला ठेवायचे, ते शेवटी कडेच्या पट्टीला लागतात. थर जमिनीवर पसरून तळव्यानं सुरकुती मारायची, मोठे कच्चे टाके घालायचे आणि मग कडेपासून आत, फेऱ्यावर फेरा घालत धावदोरा न्यायचा. दोघी समोरासमोर बसतात आणि सरकत सरकत मध्याकडे येतात. शेवटच्या फेऱ्यांना डोक्याला डोकं लागतं. सगळ्यात खासगी गोष्टी आम्ही तेव्हाच बोलतो, कारण तोवर आवाज चढवायची गरज उरलेली नसते.

तिकडे कर्नाटकात, उत्तर कन्नडच्या जंगलात, सिद्दी बायकाही अशीच कडेपासून आत शिवत जातात. त्या चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची छोटी फुलं लावतात. फुलं नसतील तर गोधडी उघडी दिसते म्हणे. मी मावशींना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा मागून घेतला, फोटो मोठा करायला लावला आणि म्हणाल्या, "टाका चांगला हाय." मावशींकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

आता या वाकळा जातात कुठं ते सांगते, कारण तुझ्या ब्लँकेटाचं उत्तर तिथं आहे. दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या इकडे येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत पाच-सहा महिने इथंच. राहायला कोप्या. बांबू, पाचट, वरून ताडपत्री. पहाटे अंधारात आईबाप फडावर जातात आणि पोरं कोपीत एकमेकांना चिकटून झोपलेली असतात. नदीकाठच्या मळ्यांत मार्गशीर्ष-पौषातली पहाट काय असते, ते तुला सांगायला नको.

आम्ही वाकळ शिवायच्या आधी तिथं जाऊन विचारलं. एका बाईनं आमची नमुन्याची वाकळ हातात घेऊन पहिलं काय केलं असेल, तर वजन बघितलं. म्हणाली, जड नको, धुवायला पाणी लांबून आणावं लागतं आणि जाड वाकळ दोन दिवस वाळत नाही. रंग गडद हवा. पांढरं अस्तर एका दिवसात काळं होतं आणि मग लोक आम्हालाच घाणेरडे म्हणतात. आणि तिसरी गोष्ट, तिनं कोपीतल्या चुलीकडे बोट दाखवलं. अंथरुणापासून हातभर अंतरावर तीन दगडांची चूल. ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडतं, हातानं विझवता येतं. टेरिकॉट किंवा ते मऊ मऊ पॉलिस्टरचं ब्लँकेट वितळून अंगाला चिकटतं. तेव्हापासून आमच्याकडे सिंथेटिक साडी कितीही सुंदर असली तरी आत घेत नाही. चारच थर, गडद छाप बाहेर, दोन किलोच्या आत वजन. दुकानात असं ब्लँकेट मिळत नाही, ताई. कोपी डोळ्यांपुढे ठेवून कुणी ब्लँकेट बनवत नाही.

यानं त्यांचं आयुष्य सुधारतं, असला गैरसमज नको करून घेऊस. वाकळ दिली म्हणून कोपीचं घर होत नाही, पोरगं शाळेत जात नाही. ते काम ज्यांचं आहे त्यांनी करायला हवं, आणि त्यांना त्याची आठवण करून देण्याइतकी भांडखोर माणसं आमच्या सतरंजीवर आहेत. वाकळ ही रात्रीपुरती गोष्ट आहे.

पण मी जे इतकं खपून सांगते आहे, त्याचं मूळ २०१९ च्या महापुरात आहे. तू तिकडून व्हिडिओ बघत होतीस आणि फोन लागत नव्हते. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांना धरतात. त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही गावभागातून बाहेर पडलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि मिरजेला एका शाळेच्या वर्गात राहिलो. मदत धो धो आली. आसपासच्या गावांतून टेम्पो भरून भाकरी आल्या, त्या भाकरीची चव मी विसरणार नाही. पण कपड्यांचे ढीग आले त्यात काय काय होतं ते तुला कधी सांगितलं नाही. ब्लाऊज नसलेल्या साड्या, चेन तुटलेल्या पँटी, लग्नातले जरीचे घागरे, घामाच्या वासाचे बनियन. माझ्या शेजारची, जिचं कापडाचं दुकान पाण्यात गेलं होतं, ती त्या ढिगापाशी उभी राहून स्वतःच्या मापाचा गाऊन शोधत होती. शोधता शोधता हसायला लागली, आणि ते हसू थांबेना. कुणी काही वाईट मनानं दिलं नव्हतं. त्यांनी कपाट आवरलं होतं, एवढंच.

त्याच ढिगात एक वाकळ होती. धुतलेली, उन्हात कडक वाळवलेली, चार घड्या केलेली. कुणाच्या घरची होती कोण जाणे. आम्ही तीन बायका तिच्याखाली झोपलो. ती फार ऊबदार होती म्हणून नव्हे (ऑगस्टात ऊब कुणाला हवी?), तर ती देणाऱ्यानं आधी आपल्या घरात वापरण्याच्या लायकीची ठेवली होती म्हणून. जो घेतो त्याला हे लगेच कळतं. देणाऱ्याला वाटतं कळत नाही.

'गूंज' या संस्थेचं नाव तू ऐकलं असशील. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये सुरू केली, त्यांना २०१५ मध्ये मॅगसेसे मिळालं. ते खेड्यात कपडे फुकट वाटत नाहीत. गावानं विहीर खणली, रस्ता केला, की त्या श्रमाचा मोबदला म्हणून कापड देतात. मला ही रीत मनापासून पटते. आम्हाला तेवढं जमत नाही, पण एक नियम आम्ही पाळतो, की वाकळ देताना फोटो काढायचा नाही आणि आभाराची वाट बघायची नाही. आभार कसले मागायचे? वर्षभराच्या मंगळवारांची मजा आम्ही आधीच वसूल केलेली असते. राहिली फक्त उधारी, आणि ती नीट टाक्यानं फेडायची. म्हणूनच दानाची वाकळ घरच्या वाकळेपेक्षा उणी शिवलेली दिसली की मी उसवायला लावते. मागून मला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

तू तिकडे मिनेसोटात शेजारणींबरोबर चर्चच्या तळघरात जातेस हे वाचून मला इतकं बरं वाटलं! त्या लुथरन बायकांची पद्धत मी तुझ्या पत्रावरून मावशींना समजावली. साठ इंच बाय ऐंशी इंच, वर तुकड्यांचा जोड, मध्ये भरण, खाली अस्तर, आणि टाके न घालता ठरावीक अंतरावर गाठी. मावशींनी गाठींना नाक मुरडलं. मला मात्र त्यात शहाणपण दिसतं. त्यांची मदतसंस्था १९४५ मध्ये निघाली, युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या युरोपासाठी. तिथं घाई होती. गाठीनं काम एका दुपारी उरकतं. ती रजई पुढे कुठल्या देशात जाईल, पांघरूण होईल, तंबूतला पडदा होईल की पोर पाठीशी बांधायची झोळी, हे शिवणारीला माहीत नसतं. आमचं तसं नाही. आम्हाला चूल किती हातांवर आहे ते माहीत आहे.

म्हणून पुरात, भूकंपात, उद्याच्या उद्या हवं असेल तेव्हा तुझं म्हणणं बरोबर. तेव्हा ब्लँकेटच घ्यावं, वाकळ शिवत बसू नये. गंमत अशी की मदतीची ती करडी ब्लँकेटंही एका अर्थानं वाकळाच. पानिपतला जगभरातले टाकलेले लोकरी कपडे येतात, ते रंगावार निवडून, फाडून, तंतू सुटे करून पुन्हा सूत कातलं जातं आणि त्याची ब्लँकेटं विणतात. तुझा एखादा जुना स्वेटर कदाचित पानिपत फिरून आला असेल. पण जी थंडी दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच माणसांना, त्याच कोपीत गाठते, तिच्यासाठी घाईची सबब चालत नाही. तिच्यासाठी वर्षभर आधी शिवायला बसता येतं.

तू पाठवलेलं अलाबामाच्या गीज बेंडचं पुस्तक अजून माझ्या उशाशी आहे. नदीच्या वळणावरचं काळ्या लोकांचं गाव, कापूस पिकवणारं. त्या भागातल्या बायकांनी १९६६ मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली आणि रजया विकून हातात पैसा घेतला. मजुरीच्या भांडणात मी हेच पान उघडून दाखवलं होतं. (उपयोग झाला नाही. "ते अमेरिकेत," असं उत्तर मिळालं.) पण मी पुन्हा पुन्हा बघते ती मिझूरी पेटवेची १९४२ मधली रजई. नवरा गेल्यावर तिनं त्याच्या कामाच्या कपड्यांची ती शिवली, त्याची आठवण पांघरायला. गुडघ्यांवर विटलेल्या विजारी, खिसा उसवून निघाल्यावर उरलेला गडद चौकोन, सगळं तसंच दिसतं.

ते बघून आईची पेटी उघडली. तिची दोन इरकली लुगडी राहिली आहेत. एक जांभळं, जे ती पंढरपूरला जाताना नेसायची. दुसरं गडद हिरवं, रोजचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. जांभळं तुझं, ते तू आलीस की घेऊन जा, त्याचं काय करायचं ते तिकडे ठरव. हिरवं मी येत्या हंगामाच्या वाकळेत घालणार आहे. आतल्या थरात नाही, वरच्या तोंडाला. आमच्यातल्या काहीजणी म्हणतात, आईचं लुगडं अनोळखी पोराच्या अंगावर, त्याला त्याचं काय? त्याला काहीच नाही, आणि तेच बरं आहे. त्याला फक्त मऊ लागेल. रंग गडद आहे, कापड सुती आहे, कोपीच्या तिन्ही अटींत ते बसतं. तुझी ना असेल तर दिवाळीच्या आधी कळव, नंतर थर लागलेले असतील आणि मावशी उसवू देणार नाहीत.

पैसे पाठवायचेच असतील तर पाठव, मी नको म्हणणार नाही. जाड सुती दोरा महागलाय आणि मावशींची मजुरी या वर्षी वाढवायची आहे. त्यावर पुन्हा भांडण होणार, तेव्हा "ताईनं खास मजुरीसाठीच पाठवलेत" असं सांगायला मला बरं पडेल, तेवढं दोन ओळींत लिहून दे. मोतीबिंदूचं ऑपरेशन पौषानंतर करते, डॉक्टरांना विचारलंय, तोवर घाई नाही.

आणि येताना ते तुझं गोल पात्याचं कापायचं हत्यार घेऊन ये, ज्यानं एका झटक्यात चार थर कापले जातात असं तू म्हणतेस. शिंपीकाकांना बघायचंय. ते कात्रीपुढे कुचकामी आहे, असं त्यांनी आत्ताच जाहीर करून ठेवलंय.

दाजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी